‘शेवटी ब्रेक जोडून हवा काढली’, इतकंच?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पिकअपला जड गाडीचा मागचा एक्सल कसा बसवावा, यावर पानभर लेख आला होता. लेख चांगला आहे. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका एक्सलच्या हाउसिंगवर कुठे वेल्ड करायच्या, पिनियनचा कोन कसा राखायचा, प्रोपेलर शाफ्ट कापल्यावर बॅलन्स का करून घ्यायचा, सगळं नीट सांगितलंय. लिहिणाऱ्याचे हात काळे झालेले आहेत हे दोन ओळींत कळतं. पण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य आहे: ‘शेवटी ब्रेक जोडून हवा काढली की गाडी रस्त्यावर न्यायला तयार.’ तिथे मी थांबलो तो थांबलोच. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला काय सांगता, पेपरला लिहा. म्हणून लिहितोय.

मी तेहतीस वर्षं फक्त ब्रेकचं काम करतो. इंजिनाला हात लावत नाही, गिअरबॉक्स उघडत नाही. लेखकाला नावं ठेवण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. हेच वाक्य वीस वर्षांपूर्वी मी एका गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ हेच होते.

त्याची पिकअप जुनी, पण त्याचा तिच्यावर जीव. मागच्या एक्सलचा शाफ्ट दोन वेळा तुटला होता. त्यानं भंगारात निघालेल्या एका जड गाडीचा एक्सल आणला. आम्ही मोजमाप केलं तर रुंदीत बोटभर फरक. चाकाच्या स्टडची जागा तर हुबेहूब जुळली. स्टड जुळले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायच्या बाकी राहिलो होतो. आता वाटतं, जुळले नसते तर बरं झालं असतं, निदान आणखी काय काय जुळत नाही ते तपासावंसं वाटलं असतं. चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम अकरा इंची होता, जुना दहा इंची. मोठा ड्रम म्हणजे मोठा ब्रेक, मोठा ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक, असा आमचा साधा हिशेब. ऑइलच्या दाबानं ब्रेकचे शूज ड्रमवर दाबणारे व्हील सिलिंडर गळत होते म्हणून त्याच मापाचे नवे कोरे आणून टाकले. पाइप जोडला, त्यातली हवा काढली. पेडल आधीपेक्षा किंचित खाली जात होतं, ते शूज जरा जवळ घेऊन वर आणलं. गाडीत माल भरलेलाच होता, तशीच चक्कर मारली. अशी उभी राहिली की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आठ दिवसांनी पाऊस पडला. गाडी रिकामी, रस्ता ओला, थोडा उतार. पुढे एक सायकलवाला आडवा आला म्हणून ह्यानं ब्रेक दाबला. मागची दोन्ही चाकं जाम झाली, शेपूट फिरलं आणि पिकअप जिकडून आली तिकडे तोंड करून उभी राहिली. सुदैवानं कुणाला खरचटलंही नाही. तो तशीच हळूहळू चालवत माझ्याकडे आला, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “मिस्त्री, ब्रेक इतका चांगला केलात की मी मागे बघत थांबलो.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी आधी सगळे चुकीचे संशय घेतले. शूजच्या लायनरवर ऑइल आलं असेल, टायर गुळगुळीत असतील, शूज जास्त जवळ घेतले गेले असतील. तसं काहीच नव्हतं. शेवटी माझे उस्ताद, जे तोवर काम सोडून घरी बसले होते, त्यांना बोलावलं. ते आले, एका उपड्या ड्रमवर बसले आणि विचारलं, “सिलिंडर कितीचा?”

मी म्हटलं, “नवा आहे उस्ताद, मागच्याच आठवड्यात टाकला.”

“नवा का जुना विचारलं नाही. कितीचा?”

सिलिंडरच्या अंगावर माप ओतीव अक्षरात असतं. मळ खरवडून वाचलं. १५/१६ इंच. गाडीचा मूळचा, जो जुन्या एक्सलबरोबर कोपऱ्यात पडला होता, तो ३/४ इंच. बोटांनी चाचपलं तर फरक जाणवतही नाही, जेमतेम पावणेपाच मिलिमीटर. उस्तादांनी खडू घेतला आणि जमिनीवरच हिशेब मांडला. तो मी इथे पुन्हा मांडतो, कारण माझ्या पत्राचा सगळा जीव त्यातच आहे.

ब्रेकच्या पाइपातलं ऑइल सगळीकडे सारख्याच दाबानं ढकलतं. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं हे सांगून ठेवलंय. चाकापाशी जोर किती मिळणार हे त्या दाबावर आणि सिलिंडरच्या पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतं. आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. ३/४ म्हणजे १२/१६. बारावरून पंधरावर गेलो तर व्यास सव्वापट झाला, पण क्षेत्रफळ सव्वाचा वर्ग, म्हणजे १.५६ पट. दाब ५० बार धरला तर जुना पिस्टन शूला साधारण १४५ किलोच्या जोरानं ढकलत होता, नवा २२७ किलोच्या. त्यावर ड्रम दहाचा अकरा इंच झाला, म्हणजे तरफ आणखी दहा टक्के लांब. दोन्ही मिळून मागचा ब्रेक जवळजवळ पावणेदोन पट झाला. पुढचा होता तिथेच.

उलट पुढचा कमीच झाला होता. गाडी उंच दिसावी म्हणून मालकानं त्याच सुमारास चारही टायर सुमारे दहा टक्के मोठे घातले होते. चाकाची उंची वाढली की तेवढ्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर त्याच प्रमाणात घटतो. मागच्या ड्रमची दहा टक्के वाढ मोठ्या टायरनं खाऊन टाकली, पण सिलिंडरची छपन्न टक्के शिल्लक राहिलीच. पुढे मात्र नुसती घट.

आता ह्यात बिघडलं काय, ब्रेक जास्त लागला तर चांगलंच की, असं कुणी म्हणेल. मीही म्हणत होतो. ब्रेक दाबल्यावर गाडी नाक खाली घालते हे सगळ्यांनी पाहिलंय. ते नाक खाली जाणं म्हणजे वजन पुढच्या चाकांवर सरकणं. समजा रिकामी पिकअप १६०० किलोची आहे, पुढच्या चाकांवर ९०० आणि मागच्यांवर ७००. दोन एक्सलमधलं अंतर २.८ मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर. जोरात ब्रेक मारला, म्हणजे गुरुत्वाच्या ०.७ पटीनं गाडी मंदावली, तर २८० किलो मागून पुढे जातात. पुढे झाले ११८०, मागे उरले ४२०. ज्या क्षणी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते त्याच क्षणी मागचं चाक रस्त्याला जेमतेम टेकलेलं असतं. त्या चाकाला दीडपट ब्रेक दिला तर ते फिरायचं थांबणारच.

आणि जाम झालेलं चाक नुसतं घसरत नाही, त्याची आडवी पकडही जाते. पुढची चाकं आधी जाम झाली तर स्टिअरिंग लागत नाही, गाडी नाकासमोर सरळ जाते. वाईटच, पण जे काही होणार ते डोळ्यांसमोर होतं, आणि पेडल थोडं सोडलं की स्टिअरिंग परत येतं. मागची आधी जाम झाली तर शेपटाला धरून ठेवणारं काही उरत नाही, ते पुढे येऊ पाहतं. रस्ता जरा तिरका असला, स्टिअरिंग जरा वळलेलं असलं की पुरे. म्हणूनच गाडी बनवणारे पुढची चाकं आधी जाम होतील असाच तोल ठेवतात. आपण एक्सल बदलतो तेव्हा नकळत हा तोल मोडतो. हत्ती आणला म्हणून माहूत बदलावा लागतो, तसं काहीसं.

आमच्या त्या गाडीत आणखी एक घोळ होता, आणि तो निव्वळ माझा आळस. मागच्या ब्रेकच्या पाइपात चासीला एक लोड सेन्सिंग वाल्व्ह असतो. त्याची दांडी खाली एक्सलला जोडलेली. माल भरला की पाटे दबतात, चासी एक्सलच्या जवळ येते, दांडी वर ढकलली जाते आणि वाल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. रिकामी असताना कमी. फार हुशार वस्तू आहे. नव्या एक्सलवर ती दांडी अडकवायला कानच नव्हता. मी काय केलं? पाट्यांत अडकू नये म्हणून ती तारेनं वर बांधून टाकली. म्हणजे त्या वाल्व्हला कायमचं सांगून ठेवलं की गाडी गच्च भरलेली आहे. उस्तादांनी ती तार पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. तार मात्र स्वतः कापली.

दुरुस्ती मग सरळ होती. त्याच बॅक प्लेटवर (ड्रममागच्या तबकडीवर) बसणारा ३/४ इंची सिलिंडर मिळाला. हे बरेचदा मिळतात, कारण एकाच बॅक प्लेटवर कंपनी वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांसाठी वेगवेगळ्या व्यासाचे सिलिंडर लावते. त्यामुळे बसला म्हणजे बरोबर आहे असं समजू नये. नव्या एक्सलवर कान वेल्ड करून वाल्व्हची दांडी जोडली. तिची लांबी डोळ्यांनी ठरवली नाही, हवा काढायच्या पुढच्या आणि मागच्या निपलच्या जागी दाबाचे गेज लावून, गाडी रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा मोजून ठरवली. इथे एक सूचना: पाट्यांखाली ठोकळे घालून जे गाडी उंच करतात, त्यांच्या बाबतीत चूक उलट्या दिशेनं होते. वाल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामी आहे आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक मिळतच नाही.

लेखाखाली एका वाचकाची सूचना चौकटीत छापली आहे. एक्सल बदलल्यावर पेडल खाली जात असेल तर मोठा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की पाइपात ऑइल ढकलणारा) टाकावा, असं तिच्यात म्हटलंय. हा सल्ला मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की त्याची आता चीड येत नाही, झोप येते. पेडल खाली का जातं? चाकाकडचे पिस्टन मोठे झाले, त्यांना सरकायला जास्त ऑइल लागतं. मोठा मास्टर एका दाबात जास्त ऑइल पाठवतो, त्यामुळे पेडल वर येतं, टणक लागतं आणि मालक खूश होतो. पण मास्टरचा पिस्टन मोठा झाला की तुमच्या पायाच्या तेवढ्याच जोरातून कमी दाब तयार होतो. ७/८ वरून १ इंचावर गेलात तर पेडलचा प्रवास साधारण तेवीस टक्क्यांनी घटतो, पण तोच दाब हवा असेल तर पाय तीस टक्के जास्त जोरानं दाबावा लागतो. टणक पेडल म्हणजे चांगला ब्रेक नव्हे. भिंतीवर पाय ठेवला तरी टणकच लागतं. मोठा मास्टर कधीच टाकू नये असं नाही. चाकाकडचं क्षेत्रफळ खरोखर वाढवायचंच असेल तर टाकावाच लागतो, पण मग पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर पुरतो का, पेडलची तरफ किती, हेही बघावं लागतं. बूस्टर नसलेल्या गाडीचं पेडल साधारण सहास एक ठेवतात, बूस्टरवाल्याचं चारास एक. जुन्या गाडीतला बूस्टर काढून भंगारात घातलेला असतो हेही मी पाहिलंय. आणि मास्टर बदलताना बूस्टरच्या दांडीला किंचित मोकळीक ठेवायची असते. ती ठेवली नाही तर आतलं बारीक भोक झाकलं जातं, ऑइल परत टाकीत येत नाही, आणि गाडी तापली की ब्रेक आपोआप धरायला लागतात.

ज्यांची गाडी इतकी जुनी आहे की मास्टरमध्ये एकच खाना आहे, त्यांनी तर एक्सलच्या आधी तोच बदलावा. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारगाड्यांना ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग ठेवणं सक्तीचं झालं. एक पाइप फुटला तर निदान दुसरा उरावा.

मागे ड्रमऐवजी डिस्क असलेला एक्सल टाकणाऱ्यांची संख्या हल्ली वाढलीय. त्यांच्यासाठी एकच प्रसंग सांगतो. एक गाडी दुसऱ्या ठिकाणी काम होऊन माझ्याकडे आली. तक्रार अशी की मागची चाकं हात लावू देत नाहीत इतकी तापतात. त्यांना बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं होतं, दोनदा बेअरिंग बदललंही होतं. मी चाकं वर उचलली आणि हातानं फिरवून पाहिली, जड. निपल अर्धा फेरा सोडला, ऑइलची बारीक पिचकारी आली आणि चाक मोकळं झालं. पेडलवर कुणाचा पाय नसताना पाइपात दाब उरलेला होता. कारण साधं होतं: मास्टर जुनाच होता, ड्रमचा. जुन्या ड्रमवाल्या मास्टरच्या लायनीत एक छोटा वाल्व्ह असतो, तो सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब मुद्दाम अडकवून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबरी कप ताठ राहतात आणि हवा ओढत नाहीत. ड्रममध्ये शूज मागे खेचायला स्प्रिंगा असतात, म्हणून तो दाब तिथे निरुपद्रवी. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला स्प्रिंग नसते. तेवढा दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवायला पुरतो. डिस्कला असा वाल्व्ह लागला तर २ पीएसआयचा लागतो, आणि तोही मास्टर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला असेल तरच. बेअरिंगवाल्याची चूक मी धरत नाही, गरम चाक म्हटलं की आधी बेअरिंगच आठवतं.

शिवाय ड्रम स्वतःच स्वतःला घट्ट करून घेतो. चाकाच्या फिरण्यानं पुढचा शू ड्रमवर आणखी ओढला जातो, त्यामुळे कमी दाबात जास्त काम होतं. डिस्कमध्ये हे फुकटचं बळ नाही, तिला जास्त क्षेत्रफळाचा पिस्टन, जास्त ऑइल आणि बहुधा बूस्टर लागतो. त्यामुळे पुढच्या-मागच्याचा तोल सांभाळणारा जो वाल्व्ह जुन्या ड्रमसाठी बनवलाय, तो डिस्कला चालेलच असं नाही. हाताने फिरवून जमवायचा वाल्व्ह मिळतो, तो बसवणं चांगलं. फक्त तो मागचा दाब कमीच करू शकतो, वाढवू शकत नाही, हे लक्षात ठेवून सिलिंडर निवडावेत.

पाइपांबद्दल थोडक्यात. दोन कंपन्यांच्या गाड्या एकत्र आल्या की आट्या वेगळ्या निघतात. इंची ३/८ चा चोवीस आट्यांचा नट आणि मेट्रिक १० मिलिमीटरचा एक मिलिमीटर पिचचा नट शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ दिसतात. इंची नट मेट्रिक भोकात जातो, दोन फेऱ्यांनंतर घट्टही वाटतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर सुटून येतो. पाइपाचं टोकही दोन तऱ्हांचं असतं, एक दुमडून आत वळवलेलं, एक बुडबुड्यासारखं फुगवलेलं. एकाच्या जागी दुसरं बसवून पान्ह्यानं कितीही आवळलं तरी ते गळणार. आणि एक्सलवरचा रबरी होज चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ताणला जात नाही ना, हे गाडी जॅकवर असतानाच बघून घ्यावं.

शूजमध्ये लायनर लांब-आखूड असतील तर आखूड पुढच्या बाजूला, लांब मागच्या बाजूला. दोन्ही चाकांवरचे शूज एकसारखे बसवायचे, आरशातल्यासारखे. मी एका गाडीच्या एका बाजूला दोन्ही आखूड आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही लांब पाहिलेत. ड्रमच्या अंगावर जास्तीत जास्त व्यास ओतीव अक्षरात असतो, लेथवाल्याला ते वाचायला लावावं. त्याहून मोठं काही विचारायचं असेल तर ड्रमचं मधलं भोक हबवर घट्ट बसतं का ते विचारा, कारण ढिलं बसलं तर ड्रम मध्य सोडून फिरतो आणि पेडल पायाखाली धडधडतं. हँडब्रेकची केबल नव्या एक्सलला आखूड पडते आणि मग लोक ती ओढूनताणून जोडतात, शूज अर्धे लागलेलेच राहतात. ऑइल डॉट ३ असो वा डॉट ४, नवी बाटली वापरा. डॉट ४ कोरडं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी पिऊन बसलं की हाच आकडा १५५ च्या आसपास येतो, आणि उकळलं की पेडल पोकळ.

आता चाचणी. माझी वीस वर्षांपूर्वीची सगळ्यात मोठी चूक सिलिंडरची नव्हती, भरलेल्या गाडीवर चाचणी घेतल्याची होती. भरल्या गाडीत मागच्या चाकावर वजन असतं, जास्तीचा ब्रेक तिथे खपून जातो. पिकअप निम्मा वेळ रिकामी धावते आणि घात तेव्हाच होतो. म्हणून आधी रिकामी. मोकळं मैदान, आजूबाजूला कुणी नाही. प्रत्येक टायरच्या बाजूला खडूनं एक जाड रेघ मारायची. एक जण गाडीत, एक जण लांब बाजूला उभा. वीसच्या वेगानं सुरुवात, मग तीस, प्रत्येक वेळी ब्रेक आधीपेक्षा थोडा जोरात. बाहेरच्यानं फक्त रेघांकडे बघायचं, कुठली रेघ आधी फिरायची थांबते. मागची आधी थांबली की काम संपलेलं नाही, गाडी परत आत घ्यायची. पुढची आधी थांबली की वेग वाढवायचा, मग माल भरून पुन्हा तेच. त्या पिकअपवर ही चाचणी आम्ही अकरा वेळा घेतली. उस्ताद रेघा बघत उभे होते, आणि अकराव्या वेळेला त्यांनी नुसता हात वर केला.

जाता जाता संपादकांकडे एक वैयक्तिक तक्रार. तुमच्या बातम्यांत दर आठवड्याला कुठे ना कुठे ‘ब्रेक फेल झाल्याने’ गाडी उलटते. माझ्याकडे अशा ‘फेल’ झालेल्या बऱ्याच गाड्या येतात. त्यांतल्या कितीतरींचे ब्रेक शाबूत असतात, लायनर चांगले, ऑइल भरलेलं, पाइप अखंड. फक्त मागचा ब्रेक एका गाडीचा असतो, पुढचा दुसरीचा आणि मास्टर तिसरीचा. त्याला फेल म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग ड्रायव्हरनं पेडल दाबलं तेव्हा पेडल कुठवर गेलं आणि गाडी सरळ गेली का फिरली, एवढे दोन प्रश्न वार्ताहरानं विचारावेत. पेडल तळाला गेलं असेल तर ऑइल, पेडल वर होतं आणि गाडी फिरली असेल तर तोल. अर्धं निदान तिथेच होतं.

लेखाखाली लिहिलंय की दुसरा भाग पुढच्या रविवारी येणार आहे आणि त्यात पुढच्या चाकांना डिस्क कशी बसवावी ते सांगणार आहेत. लेखकाला माझा निरोप द्यावा. माझ्याकडच्या एका पोरानं डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दोन्ही फिट्ट बसतात, बोल्टसुद्धा तक्रार करत नाहीत. फक्त हवा काढायचं निपल खालच्या बाजूला येतं, आणि हवा तर वरच बसलेली असते. त्यानं अख्खी दुपार हवा काढली, ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या संपवल्या, पेडल स्पंजसारखं ते स्पंजसारखंच. मी आलो, काही न बोलता कॅलिपरकडे बोट दाखवलं, तरी त्याला कळायला मिनिटभर लागलं. तेव्हा पुढच्या भागात कॅलिपरचा फोटो छापणार असाल तर निपल वर दिसेल असा छापा.

आपला,
ब्रेकचं काम करणारा एक वाचक